मोजलेला दाब : रक्तप्रवाह मर्यादित करून केलेला व्यायाम आणि वसई-विरारचे गुडघे

स्नायूला बळ आणायचे तर त्याच्यावर भार टाकला पाहिजे, हा व्यायामशास्त्राचा जुना आणि आजही न ढळलेला नियम आहे. तालमीतल्या वस्तादांनी तो कोणताही ग्रंथ न उघडता ओळखला होता, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने तो पुढे आकड्यांत मांडला. एखाद्या व्यक्तीला जे वजन सारी ताकद लावून कसेबसे एकदाच उचलता येते, त्याला व्यायामाच्या परिभाषेत 'वन आरएम' म्हणतात, आणि नवशिक्याने बळ वाढवण्यासाठी त्या कमाल वजनाच्या ६० ते ७० टक्के वजनाने व्यायाम करावा, असे या संस्थेच्या शिफारशी सांगतात. अडचण अशी की, ज्याला स्नायूंची गरज सर्वांत अधिक असते त्यालाच नेमका हा भार सोसत नाही. गुडघ्यातील लिगामेंटची, म्हणजे हाडांना जोडून धरणाऱ्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया झालेला कबड्डीपटू, प्लॅस्टरमध्ये पाय अडकलेला कामगार आणि सांधा झिजल्यामुळे जिना चढताना कठडा धरणारी सत्तरीची बाई, या तिघांचाही मांडीचा स्नायू दिवसेंदिवस उतरत असतो, आणि तो सावरणारे वजन मात्र त्यांच्या सांध्याला वर्ज्य असते.

मराठी वाचकाला हे संकट परके नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव पुढच्या, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाऊ शकले नाहीत, आणि त्याचे कारण गुडघ्याची दुखापत हे होते. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५३ मध्ये सुरू झाले ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या निकडीतून, त्यामुळे त्या काळी मल्लाच्या गुडघ्यासाठी तालमीतले मालीश, शेक आणि सक्तीची विश्रांती यांपलीकडे फारसे काही हाताशी नव्हते. विश्रांतीने सूज उतरते, दुखणेही शमते, पण त्याच विश्रांतीने मांडीचा पुढचा चार भागांचा स्नायू, ज्याला आज दवाखान्यात सर्रास 'क्वाड्स' म्हटले जाते, तो झपाट्याने बारीक होतो, आणि मग बरा झालेला गुडघा उचलायला मांडीत जीवच उरत नाही.

या पेचातून वाट काढण्याचा जो प्रयत्न गेल्या सहा दशकांत झाला, त्याला फिजिओथेरपीत 'ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन ट्रेनिंग' किंवा नुसते 'बीएफआर' असे नाव रूढ आहे. त्याची कृती सांगायला सोपी आहे : मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या भागाला हवेने फुगणारा पट्टा बांधायचा, त्यातील दाब इतकाच ठेवायचा की अवयवाकडे येणारे धमनीतील रक्त कमी व्हावे पण थांबू नये, आणि परत जाणारे शिरांतील रक्त मात्र अडावे, अशा अवस्थेत कमाल वजनाच्या जेमतेम २० ते ४० टक्के वजनाने व्यायाम करायचा. सांगायला सोपी असलेली ही कृती करायला तितकी सोपी नाही, आणि आजच्या विवेचनाचा सारा भर या दोहोंमधील अंतरावर आहे.

पट्ट्याने रक्त अडवण्याची कल्पना वैद्यकाला प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सिरावेधापूर्वी, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्यापूर्वी, बंध बांधण्याचा विधी सांगितला आहे, आणि आजही रक्त तपासायला देताना प्रयोगशाळेतला मुलगा दंडाला रबरी पट्टा आवळतो तो त्याच कारणाने. परंतु बीएफआरचे तत्त्व सर्वांत स्वच्छपणे दिसते ते विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याच्या १६२८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, जरी हार्वेच्या डोक्यात व्यायामाचा विचारही नव्हता. रक्त शरीरात फिरते हे सिद्ध करण्यासाठी त्याने दंडाला दोन प्रकारे बंध बांधून दाखवले. घट्ट बंधाखाली मनगटाची नाडी लागेनाशी झाली आणि हात थंड पडत गेला, तर तोच बंध थोडा सैल करताच हात लालसर होऊन फुगला आणि शिरा टरारून वर आल्या. कारण खोलवरून जाणारी धमनी मोकळी झाली होती आणि वरवरच्या शिरा अजून दाबलेल्याच होत्या. हार्वेचा हा मध्यम बंध म्हणजेच आजचा बीएफआरचा पट्टा, आणि त्याचा घट्ट बंध म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा टूर्निके, ज्याचे हवेच्या दाबावर चालणारे रूप हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने १९०४ मध्ये वापरात आणले. एकाच पट्ट्याची ही दोन कामे असून, दोहोंत फरक आहे तो फक्त दाबाचा.

मध्यम बंधाला व्यायामाची जोड दिली ती जपानच्या योशिआकी सातो यांनी. १९६६ मध्ये एका बौद्ध श्राद्धविधीत पाय दुमडून, आपल्याकडील वज्रासनासारखे, बराच वेळ बसल्यावर त्यांच्या पोटऱ्या अशा भरून आणि ताठरून आल्या की, पोटऱ्यांच्या कठोर व्यायामानंतर येणाऱ्या ताणाची त्यांना आठवण झाली, आणि रक्त अडण्याचा व स्नायू फुगण्याचा काही संबंध असावा असा तर्क त्यांनी बांधला. पुढची काही वर्षे त्यांनी स्वतःच्याच अंगावर पट्टे बांधून प्रयोग केले. १९७३ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात घोटा मोडून आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखावून पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हा त्यांनी त्याही अवस्थेत पट्ट्याचा प्रयोग चालू ठेवला आणि स्नायू अपेक्षेपेक्षा फारच कमी उतरल्याचे त्यांना आढळले. 'कात्सू' या नावाने त्यांनी ही पद्धत जपानभर नेली. एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग हा पुरावा ठरत नाही, हे खरेच. परंतु १९९० च्या दशकाअखेरीपासून जपानमधील प्रयोगशाळांनी आणि पुढे युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी तो पारखून घेतला, आणि त्याचा गाभा टिकला.

तो का टिकला हे समजण्यासाठी स्नायूच्या आत डोकवावे लागते. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही तंतू लहान, सावकाश काम करणारे आणि प्राणवायूवर दीर्घकाळ तग धरणारे असतात. तर काही मोठे, जोरकस, पण लवकर थकणारे असतात. संशोधक एल्वुड हेनमन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, मेंदूकडून हुकूम सुटतो तेव्हा आधी लहान तंतूंना हलवणारे चेतातंतू जागे होतात आणि काम अवघड झाले तरच मोठ्यांची पाळी येते. हलक्या वजनाला लहान तंतू पुरेसे असतात, म्हणून हलक्या वजनाने मोठे, बळ देणारे तंतू वाढत नाहीत. पट्टा बांधल्यावर हे गणित बदलते. प्राणवायूचा पुरवठा घटल्यामुळे लहान तंतू लवकर दमतात, लॅक्टेट आणि आम्लता निर्माण करणारे इतर पदार्थ शिरांची वाट अडल्यामुळे स्नायूतच साचतात, आणि सहा किलोचे वजन उचलतानाही मेंदूला मोठ्या तंतूंची कुमक मागवावी लागते. सांध्याला मात्र भार पोहोचतो तो सहाच किलोंचा. पेशींना येणारी सूज आणि प्रथिने बांधण्याच्या यंत्रणेला मिळणारी चालना ही त्याला जोड असल्याचे मानले जाते. अशा व्यायामानंतर रक्तातील ग्रोथ हॉर्मोन शेकडो पटींनी वाढल्याचे जपानी संशोधकांनी २००० मध्ये नोंदवले आणि जाहिरातदारांनी तो आकडा लगेच उचलला. परंतु काही मिनिटांसाठी उसळणाऱ्या त्या हॉर्मोनचा स्नायूच्या वाढीतील वाटा बहुतेक अभ्यासक आज गौण मानतात, आणि तो आकडा छापणाऱ्या पत्रकांकडे त्याच नजरेने पाहावे हे बरे.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते एका सत्राच्या तपशिलातून नीट कळते. गुडघ्याच्या एसीएलची, म्हणजे सांध्याच्या मध्यातील पुढच्या तिरप्या अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे उलटलेला रुग्ण पलंगावर उताणा झोपतो. मांडीच्या मुळाशी, जांघेला लागून, रुंद कफ, म्हणजे तोच हवेने फुगणारा पट्टा, गुंडाळला जातो. फिजिओथेरपिस्ट घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, थोडे जेल लावून डॉप्लरची पेनाएवढी कांडी टेकवतो आणि धमनीतील रक्ताचा फुसफुस करणारा ठोका ऐकू येऊ लागतो. कफमध्ये हवा भरत जाताना हा आवाज क्षीण होत एका आकड्यावर बंद पडतो. तो आकडा म्हणजे त्या रुग्णाच्या, त्या पायाच्या धमनीला पूर्ण बंद करणारा दाब. समजा तो १८० मिलिमीटर पारा भरला, तर व्यायामासाठी त्याच्या ४० ते ८० टक्क्यांमधील, उदाहरणार्थ ६० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर दाब ठेवला जातो. मग रुग्ण खुर्चीत बसून पायाला हलके वजन बांधून गुडघा सरळ करतो : आधी ३० वेळा, मग प्रत्येकी १५ वेळा असे तीन सेट, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि या विश्रांतीतही कफ सहसा फुगलेलाच असतो. पहिल्या सेटला माणूस हसतखेळत असतो. तिसऱ्या सेटला मांडीत आग पेटते आणि चौथ्यात मोजणी पुढे सरकेनाशी होते. फिजिओची नजर मात्र मांडीपेक्षा पावलावर खिळलेली असते, कारण अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर त्यात लाली किती लवकर परतते यावरून खाली रक्त पोहोचते आहे की नाही ते समजते. पाऊल किंचित जांभळट होणे चालते. पांढरे पडणे, बधिर होणे किंवा मुंग्या न थांबणे चालत नाही, आणि तसे दिसताच हवा सोडली जाते. एका व्यायामाला एवढी ७५ आवर्तने, आठवड्यातून दोन ते तीन सत्रे, असा हा सर्वसाधारण आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकांच्या निवेदनात नोंदवलेला आहे.

हा आकडा प्रत्येक अवयवासाठी वेगळा मोजावा लागतो, कारण तो मांडीचा घेर, कफची रुंदी आणि त्या माणसाचा रक्तदाब या तिन्हींवर ठरतो. अरुंद पट्ट्याला धमनी बंद करायला रुंद पट्ट्यापेक्षा पुष्कळच अधिक दाब लागतो. म्हणून एकाच्या मांडीला मध्यम बंध ठरलेला १५० चा दाब दुसऱ्याच्या बारीक मांडीवर घट्ट बंध ठरू शकतो, आणि जाडजूड मांडीवर तो काहीच न करणारा, नुसता शोभेचा पट्टा ठरतो.

पुराव्याच्या बाजूने दोन अभ्यासांचा उल्लेख पुरेसा आहे. ताकाराडा या जपानी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत, म्हणजे रुग्णाला व्यायाम जवळजवळ अशक्य असताना, दिवसातून दोनदा केवळ पट्टा फुगवून आणि सोडून पाहिला. पट्टा न लावलेल्या गटाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सुमारे २१ टक्क्यांनी घटला, तर पट्टा लावलेल्यांचा सुमारे ९ टक्क्यांनी. दुसरा अभ्यास २०१९ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २८ एसीएल रुग्णांवर झाला. त्यात निम्म्यांना कमाल वजनाच्या ७० टक्के भाराने आणि निम्म्यांना पट्ट्यासह ३० टक्के भाराने आठ आठवडे व्यायाम दिला गेला. स्नायूचा आकार आणि बळ दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले, पण पट्ट्याच्या गटात गुडघ्याचे दुखणे आणि सूज कमी राहिली. धडधाकट माणसांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. तेथे अनेक अभ्यास एकत्र तपासले असता स्नायूचा आकार दोन्ही पद्धतींनी सारखाच वाढतो, पण बळ जड वजनानेच अधिक वाढते. ज्याला जड वजन पेलवते त्याने पट्टा बांधून फारसे काही कमावलेले नसते, आणि याच जागी हा उपचार व्यायामशाळेत शिरताना त्याचे रूप पालटते.

आता हा विषय वसई-विरारच्या जमिनीवर आणून पाहिला पाहिजे. चार नगरपरिषदा आणि लगतची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या या महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती, आणि तिच्यातील कमावत्या माणसांचा मोठा हिस्सा रोज चर्चगेटच्या दिशेने, विरारहून धरल्यास सुमारे ६० किलोमीटर, लोकलमध्ये बहुधा उभ्याने जातो. स्टेशनचे पूल, फलाटावरची धावपळ आणि वर्षातून एकदा तरी होणारी विरारच्या जीवदानी मंदिराच्या तेराशेहून अधिक पायऱ्यांची चढण ही येथील गुडघ्यांची परीक्षा असते. निर्मळ-आगाशीच्या वाड्यांत उकिडवे बसून काम केलेल्या आणि अर्नाळा-पाचूबंदरला डोक्यावर टोपली घेऊन फिरलेल्या बायका साठीनंतर जे गुडघे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे येतात, त्यांना 'वजन उचलून मांड्या बळकट करा' हा सल्ला कागदावरच राहतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यावर सांधा बदलणे अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आले. शस्त्रक्रियेनंतरचे तीन-चार महिने मात्र घरच्यांच्या आणि जवळच्या फिजिओच्या भरवशावर जातात, आणि शस्त्रक्रिया मुंबईत झाली असेल तर आठवड्यातून तीनदा त्याच लोकलने तिकडे जाणे बदललेल्या गुडघ्याला झेपण्यासारखे नसते. म्हणून बीएफआरचा खरा उपयोग याच गावांत, नालासोपाऱ्याच्या किंवा माणिकपूरच्या गल्लीतील छोट्या फिजिओथेरपी केंद्रात आहे. त्याला जागा लागत नाही, वजनांची रास लागत नाही. कफ, डॉप्लर आणि वाचता येणारा मापक एवढे पुरते. पट्टा बांधून नुसते चालण्यानेही ज्येष्ठांना फायदा होण्याची शक्यता आहे, कारण संशोधक ताकाशी आबे यांच्या २००६ च्या प्रयोगात तरुणांच्या मांडीचे स्नायू तीन आठवड्यांच्या मंद चालीने, पट्ट्यासह, मोजता येण्याइतके वाढले होते.

परंतु येथे आणखी एक गोष्ट येते, जी परदेशी पुस्तकांतील निषिद्ध यादीत एका ओळीत उरकलेली असते आणि वसई-विरार ज्यात मोडते त्या पालघर जिल्ह्यात मात्र पहिल्या क्रमांकावर असायला हवी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे, आणि वारली, कोकणा, कातकरी यांसारख्या समाजांत सिकल सेलचा आनुवंशिक दोष आढळतो. या दोषात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्याला पूर्ण आजार नाही पण आई किंवा वडिलांकडून एक दोषी जनुक आला आहे असा वाहक बहुधा निरोगीच वावरतो, वसईच्या पूर्वेला पारोळ-भाताण्याकडच्या एखाद्या संघात कबड्डीही खेळतो, आणि कोणी विचारल्याशिवाय आपण वाहक असल्याचे त्याला ठाऊकही नसते. प्राणवायू मुद्दाम कमी करणारा, आम्लता मुद्दाम वाढवणारा हा पट्टा त्याच्या मांडीला बांधण्यापूर्वी सिकल सेलची साधी चाचणी करून घेणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकल सेल निर्मूलन मोहिमेमुळे ही चाचणी आणि तिचे कार्ड आता अधिक लोकांपर्यंत पोहोचते आहे, त्यामुळे ते कार्ड मागणे हे येथील प्रत्येक फिजिओच्या पहिल्या पाच प्रश्नांपैकी एक असावे.

बाकीची निषिद्धे सर्वत्र सारखीच आहेत : शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मोठ्या फुगलेल्या शिरा, गर्भारपण, पायांच्या धमन्यांचा आजार, आणि डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असल्यास तो हात. जपानमध्ये २००६ साली शंभराहून अधिक केंद्रांतील सुमारे १२,६०० व्यक्तींची माहिती गोळा झाली, त्यात त्वचेखाली रक्त साकळल्याच्या तक्रारी १३ टक्के आणि बधिरतेच्या १.३ टक्के होत्या, तर शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण ०.०५५ टक्के एवढेच निघाले. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते प्रशिक्षित माणसांनी, मापकावर नजर ठेवून केलेल्या उपचाराचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

व्यायामशाळेत सध्या ऑनलाइन मागवलेले जे लवचिक पट्टे दिसतात, त्यांना मापक नसतो. 'दहापैकी सात इतका घट्ट' अशा अंदाजाने ते दंडाला आवळले जातात, आणि आरशात फुगलेला दंड पाहून काम झाल्याचे समाधान मिळते. तो फुगवटा शिरांत अडकलेल्या रक्ताचा असतो आणि पट्टा सोडल्यावर थोड्या वेळात उतरतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते आणि त्याच्या शिक्षणाचा मापदंड ठरलेला आहे; जिम ट्रेनरच्या प्रमाणपत्रांना असा एकच मापदंड नाही, त्यामुळे पट्ट्याखालचा दाब कोण मोजणार, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. पालघरच्या ग्रामीण भागात साप चावल्यावर पायाला दोरी करकचून बांधण्याची सवय आजही पुरती गेलेली नाही, आणि सर्पदंशाच्या उपचाराचे सरकारी मार्गदर्शन ती दोरी बांधू नका असेच सांगते, कारण न मोजलेल्या बंधाने पाय गमावलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले असतात. जिममधल्या पट्ट्याचे परिणाम इतके भीषण होत नसले तरी चूक त्याच जातीची आहे.

मोजून केलेल्या उपचारातही पट्ट्याची मुदत ठरलेली असते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याची सूज उतरली, तो पूर्ण सरळ होऊ लागला आणि दुखणे न वाढता कमाल वजनाच्या अर्ध्याहून अधिक भार पेलू लागला, की फिजिओ कफचे सत्र आठवड्याला एकावर आणतो आणि त्या जागी लेग प्रेस व बैठका येतात. तालमीतल्या बैठका आणि आधुनिक स्क्वॉट यांत येथे भेद करण्याचे कारण नाही. हाडाला, कूर्चेला आणि अस्थिबंधाला लागणारा ताण दोहोंतूनही मिळतो. चढाई करताना मागे वळून रेषेकडे झेप घेणाऱ्या कबड्डीपटूच्या गुडघ्यावर त्याच्या शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका क्षणात येतो, आणि त्या क्षणाची तयारी ३० टक्के वजनाने होत नाही. म्हणून मैदानावर परतण्यापूर्वी दोन्ही मांड्यांचे बळ यंत्रावर तुलनेने मोजले जाते, शस्त्रक्रिया झालेली बाजू दुसरीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे की नाही ते पाहिले जाते, आणि ही मोजणी ज्या दिवशी होते त्या दिवसापर्यंत बहुधा पट्टा कपाटात जाऊन काही आठवडे झालेले असतात.